उद्वास्तू : फाळणीनंतरचे पुनर्वसन आणि विखुरण्याचे धोरण

घरदार टाकून आलेल्या माणसाला काय म्हणावे, याबाबत आपल्या भाषांत एकवाक्यता नाही. मराठीत आपण 'निर्वासित' म्हणतो. उर्दूत सरहद्दीपलीकडे गेलेला 'मुहाजिर' ठरला आणि त्या शब्दाबरोबर त्याला हिजरतीचा मान मिळाला. सरहद्दीच्या अलीकडे आलेला मात्र 'पनाहगुज़ीन' किंवा 'शरणार्थी' राहिला. पश्चिम पंजाबातून आलेल्या अनेकांना 'शरणार्थी' या शब्दातील आश्रितपणा टोचत असे. ते स्वतःला 'पुरुषार्थी' म्हणवून घेत. सरकारी कागदांवर हे सगळेच 'विस्थापित व्यक्ती' होते. या सर्व शब्दांत मला बंगाली शब्द सर्वांत नेमका वाटतो : 'उद्वास्तू'. वास्तू म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. वास्तू म्हणजे केवळ भिंती आणि छप्पर नव्हे. पिढ्यान्पिढ्यांचा शेजार, पूर्वजांची जागा आणि गावातील आपले स्थान हे सारे त्यात येते. ज्याची वास्तूच उखडली गेली, तो उद्वास्तू.

प्रस्तुत लेखाचा विषय या शब्दातच सापडतो. १९४७ नंतर भारत सरकारने निर्वासितांसाठी प्रचंड काम केले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु कोणाला कोठे पाठवायचे हे ठरवताना सरकारने एकर मोजले, बराकी मोजल्या, भत्ता मोजला. 'कोणाबरोबर?' हा प्रश्न काही ठिकाणी विचारला गेला, काही ठिकाणी मुळीच नाही. जेथे तो विचारला गेला नाही तेथे माणसे पुन्हा उठून चालू लागली.

पंजाब आणि दिल्ली

सप्टेंबर १९४७ मध्ये केंद्रात पुनर्वसनाचे स्वतंत्र मंत्रालय निघाले. १९५१ च्या जनगणनेत सुमारे ७३ लाख विस्थापितांची नोंद झाली. त्यांपैकी साधारण एक तृतीयांश पूर्व बंगालमधून आलेले होते, बाकीचे पश्चिमेकडून. कुरुक्षेत्राच्या एकाच छावणीत ऐन गर्दीच्या काळात तीन लाखांपर्यंत माणसे तंबूंत राहत होती.

पूर्व पंजाबात अडचण अशी होती की, हिंदू व शीख शेतकऱ्यांनी पश्चिमेकडे सुमारे ६७ लाख एकर जमीन सोडली होती, तर मुसलमान शेतकरी इकडे जी जमीन सोडून गेले ती सुमारे ४७ लाख एकरच भरत होती. पुनर्वसन महासंचालक सरदार तरलोक सिंग यांनी यावर जो तोडगा काढला तो आजही प्रशासनाच्या अभ्यासक्रमात शिकवण्यासारखा आहे. जमिनीचा कस पाहून 'प्रमाण एकर' ठरवण्यात आला आणि चढत्या क्रमाने कपात लावण्यात आली. लहान खातेदाराला कमी कात्री, मोठ्या जमीनदाराला जबर. नोव्हेंबर १९४९ पर्यंत सुमारे अडीच लाख वाटपे पूर्ण झाली होती.

या कामातील एका बारकाव्याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. दाव्यांची तपासणी उघड सभेत होई, आणि त्या सभेला त्याच गावचे इतर निर्वासित हजर असत. अमक्याची विहीर होती की नव्हती, तमक्याने सांगितलेले वीस एकर खरे की फुगवलेले, हे शेजारीच सांगू शकत. महसुली कागद सीमेपलीकडे अडकले असताना गाव हाच दस्तऐवज झाला. वाटपही शक्यतो जिल्ह्याला जिल्हा जोडून करण्यात आले. कालव्यांच्या वसाहतींसाठी पूर्वीच्या पिढीत लायलपूर आणि माँटगोमेरीकडे गेलेली कुटुंबे आपल्या मूळ जिल्ह्यांत परतली. माणसे एकत्र ठेवावीत असा उदात्त विचार यामागे होता असे मी म्हणणार नाही. ती प्रशासकीय सोय होती. परंतु तिचा परिणाम असा झाला की माणूस नव्या गावी गेला तेव्हा त्याच्याबरोबर त्याला ओळखणारे कोणीतरी होते.

वायव्य सरहद्द प्रांतातून, बन्नू आणि डेरा इस्माईल खान भागातून आलेल्या निर्वासितांनी हीच गोष्ट भांडून मिळवली. त्यांच्यात खान अब्दुल गफ्फार खान यांच्या खुदाई खिदमतगार चळवळीत तयार झालेले कार्यकर्ते होते. आम्हाला तुकड्या तुकड्यांनी इकडेतिकडे पाठवू नका, एकत्र वसवा, असा त्यांचा आग्रह होता आणि त्यासाठी सत्याग्रहाची त्यांना सवय होती. यातून दिल्लीजवळ फरिदाबाद उभे राहिले. त्यासाठीच्या विकास मंडळात पंडित हृदयनाथ कुंझरू होते. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या सहकारी संघाने पुढाकार घेतला. ठेकेदारांऐवजी निर्वासितांच्याच मजूर सहकारी संस्थांनी घरे बांधली. या प्रयोगात तरुणपणी काम केलेले एल. सी. जैन यांनी त्याची हकिकत पुढे पुस्तकरूपाने लिहिली. सहकाराचा तो प्रयोग नोकरशाहीने पुढे कसा गुंडाळला, तेही त्यांनी लपवलेले नाही.

दिल्ली शहरात मात्र घरांचा प्रश्न दुसऱ्याच्या घरांशी बांधला गेला. शहरात सुमारे पाच लाख निर्वासित आले आणि तीन लाखांहून अधिक मुसलमान शहराबाहेर पडले. राजेंद्रनगर, पटेलनगर, लाजपतनगर या वसाहती नंतरच्या. पहिला निवारा मिळाला तो रिकाम्या घरांत. ही सगळीच घरे मालकांनी कायमची सोडलेली नव्हती. पुराना किल्ला आणि हुमायूँची कबर येथील छावण्यांत हजारो मुसलमान कुटुंबे होती आणि त्यांतील कित्येकांना आपल्या गल्लीत परतायचे होते. अनीस किडवाई यांनी या छावण्यांत काम केले होते. त्यांचे 'आज़ादी की छाँव में' हे उर्दू पुस्तक आपल्या ग्रंथालयांत असते. इतिहासाच्या विभागानेही ते उघडावे.

सरकारने येथे वेगळे धोरण धरले. पूल बंगश, फाटक हबश खान अशा मुस्लिम वस्तीच्या भागांतील रिकामी घरे निर्वासितांना न देता मिश्र मोहल्ल्यांतून निघालेल्या मुसलमानांसाठी राखावीत, असे ठरले. हेतू संरक्षणाचा होता आणि तो प्रामाणिक होता. मंत्रिमंडळात त्यावरून वादही झाले. परिणाम असा झाला की मिश्र मोहल्ले संपले आणि मुसलमान थोड्या भागांत एकवटले. एका समूहाला विखरायचे आणि दुसऱ्याला एकवटायचे, ही धोरणे वरवर विरुद्ध दिसतात. दोन्हींत एक गोष्ट समान आहे : ज्यांना हलवायचे त्यांना कोणी विचारले नाही.

याच काळात निर्वासितांच्या मालमत्तेचा कायदा कडक होत गेला. १९४९ च्या वटहुकुमात 'जाण्याच्या विचारात असलेला' अशीही एक वर्गवारी होती. माणूस अजून येथेच आहे, पण तो जाईल असा संशय आहे, एवढ्यावर त्याच्या घराचे व्यवहार गोठवता येत. १९५० च्या कायद्यातही ती तरतूद टिकली, १९५३ मध्ये ती काढण्यात आली, आणि ७ मे १९५४ नंतर कोणतीही नवी मालमत्ता या कायद्याखाली आणायची नाही असे ठरले. तोवर कस्टोडियन हा शब्द उत्तर हिंदुस्थानातील मुसलमान घरांत सर्वांच्या तोंडी झाला होता. एका बेघराला घर देण्यासाठी दुसऱ्याचे घर अनिश्चित करायचे, हा या गृहनिर्माणाचा न बोलला गेलेला पाया होता.

आणि काही विस्थापित तर व्याख्येतच बसत नव्हते. १९५४ चा भरपाईचा कायदा पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांपुरता होता. दिल्लीतल्या एका मोहल्ल्यातून दुसऱ्या मोहल्ल्यात गेलेले, अलवर-भरतपूर सोडून पुन्हा परतलेले मेव, किंवा सप्टेंबर १९४८ नंतर मराठवाड्याच्या खेड्यांतून हैदराबाद शहरात आलेली कुटुंबे या व्याख्येबाहेर राहिली. मेवांसाठी गांधीजी १९ डिसेंबर १९४७ ला घासेड्याला गेले आणि पुढे विनोबांनी त्यांच्यात काम केले, म्हणून त्यांचे थोडेफार मार्गी लागले. हैदराबादला आलेल्यांच्या वाट्याला पंडित सुंदरलाल आणि काज़ी अब्दुल गफ्फार यांचा अहवाल आला, आणि तोही अनेक दशके अप्रकाशित राहिला.

सिंधी : प्रांत नसलेले निर्वासित

पंजाब्यांना अर्धा पंजाब मिळाला, बंगाल्यांना अर्धा बंगाल. सिंध अखंड पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंना कोणत्याही प्रांतावर हक्काने बोट ठेवता येत नव्हते. ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतील दंगलीनंतर ते मोठ्या संख्येने निघाले, बरेचसे बोटीने. मुंबई शहरावर ताण नको म्हणून बोटी काठियावाडच्या बंदरांकडे वळवण्यात आल्या, आणि मुंबई प्रांताने १९४८ मध्ये निर्वासितांच्या नोंदणीचा कायदा केला. तरीही १९५१ मध्ये मुंबई राज्यात तीन लाखांहून अधिक विस्थापित होते.

त्यांना ठेवण्यासाठी युद्धकाळातील लष्करी छावण्या तयार होत्या. कल्याणजवळ सुमारे दोन हजार बराकींत जवळपास एक लाख माणसे राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. पुण्याजवळ पिंपरीलाही अशीच छावणी होती.

सीमाभागातील वाचकांना अधिक जवळचे उदाहरण कोल्हापूरशेजारच्या वळिवड्याचे आहे. तेथील बराकी मुळात पोलंडच्या निर्वासितांसाठी होत्या. सोव्हिएत रशियाने सैबेरियाकडे हाकललेली आणि तेथून इराणमार्गे आलेली सुमारे पाच हजार पोलिश माणसे, त्यांतही बहुतेक स्त्रिया व मुले, १९४३ पासून १९४८ पर्यंत पंचगंगेच्या काठी राहिली. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता. त्यांचेही पुढे जगभर विखुरणे झाले : कोणी इंग्लंडला, कोणी आफ्रिकेत, कोणी ऑस्ट्रेलियाला. त्यांच्या रिकाम्या बराकींत सिंधी आले आणि वळिवडे छावणीचे गांधीनगर झाले. आज गांधीनगर म्हटले की या भागात कापडाची घाऊक पेठ आठवते, पोलंड कोणाला आठवत नाही.

सिंध्यांच्या बाबतीत सरकारचे आणि त्यांच्या पुढाऱ्यांचे एक स्वप्न फार मोठे होते. भाई प्रताप दियलदास यांनी सिंधू पुनर्वसन महामंडळ काढले, आचार्य कृपलानी त्याच्याशी निगडित होते, कच्छच्या महारावांनी १५,००० एकर जमीन दिली आणि कांडला बंदराच्या पाठीशी गांधीधाम वसले. नकाशा उत्तम होता. पण अपेक्षेइतके सिंधी तेथे गेले नाहीत. व्यापारी समाजाला बाजारपेठ हवी होती, ती मुंबईजवळ होती. आणि एकदा काही नातेवाईक उल्हासनगरात स्थिरावले की बाकीचेही तिकडेच ओढले गेले. कोऱ्या जमिनीवर आखलेले शहर आणि गळक्या बराकी यांत त्यांनी बराकी निवडल्या. अधिकाऱ्यांना हा हट्ट वाटला. मला तो हिशेब वाटतो, आणि पक्का हिशेब.

विखुरण्याची किंमत मात्र भाषेने चुकवली, आणि भाषेचा शिक्षक म्हणून येथे थोडे थांबावेसे वाटते. सिंधी अरबी वळणाच्या लिपीत लिहिली जात होती. १९५० च्या सुमारास ती देवनागरीत लिहावी असा सरकारी निर्णय झाला. जुन्या लिपीच्या बाजूने सिंधी साहित्यिकांनी विरोध केला आणि दोन्ही लिप्या मान्य झाल्या. तात्त्विकदृष्ट्या हा न्याय्य तोडगा होता. प्रत्यक्षात आधीच चार राज्यांत पांगलेल्या मुलांचे वाचक दोन लिप्यांत वाटले गेले. १९६७ मध्ये सिंधीचा आठव्या अनुसूचीत समावेश झाला, तोपर्यंत शाळेत सिंधी घेणारी मुले कमी होऊ लागली होती. आजोबांची वही नातवाला वाचता येत नाही ही स्थिती उर्दूच्या घरांतही आपण पाहतो. सिंधीत ती एका पिढीत आली.

दंडकारण्य

बंगालची गोष्ट याहून कठोर आहे. पूर्व बंगालमधून लोक एकदम आले नाहीत. १९५० च्या दंगलींनंतर, १९५२ मध्ये पासपोर्ट सुरू होण्याच्या सुमारास, १९६४ मध्ये, असे लाटांनी येत राहिले. ८ एप्रिल १९५० च्या नेहरू-लियाकत करारामागे हे लोक परत जातील असा विश्वास होता. त्यांची मालमत्ता तिकडे त्यांच्याच नावावर आहे असे मानले गेले, म्हणून पश्चिमेकडील निर्वासितांसारखी भरपाई त्यांना मिळाली नाही. कागदावरचे मालक, प्रत्यक्षात शियालदह स्टेशनच्या फलाटावर.

ज्यांना थोडे बळ होते त्यांनी कोलकात्याच्या दक्षिणेला जादवपूर, विजयगड येथे मोकळ्या जमिनी ताब्यात घेऊन वसाहती उभारल्या. १९५० च्या अखेरीपर्यंत अशा जवळपास दीडशे वसाहती झाल्या. हे बहुतांशी मध्यमवर्गीय, शिकलेले, उच्च जातींचे लोक होते आणि एका जिल्ह्याचे लोक शक्यतो एकत्र येत. सरकारी छावण्यांत राहिले ते बरेचसे नमःशूद्र शेतकरी आणि मच्छीमार, ज्यांच्याकडे पैसा नव्हता आणि शहरात ओळखही नव्हती. विखुरण्याचे धोरण पूर्ण जोराने लागू झाले ते यांच्यावर.

'पश्चिम बंगाल आता भरला आहे' अशी भूमिका घेण्यात आली. काही कुटुंबे १९४९ पासून अंदमानला जात होती. सप्टेंबर १९५८ मध्ये दंडकारण्य विकास प्राधिकरण स्थापन झाले. ओडिशातील कोरापुट व कालाहंडी आणि तेव्हाच्या मध्य प्रदेशातील बस्तर हे त्याचे क्षेत्र. छावणीतील कुटुंबांपुढे पर्याय ठेवण्यात आला : दंडकारण्यात जा, नाहीतर सहा महिन्यांचा भत्ता घेऊन छावणी सोडा. १९६४ नंतर आलेल्यांना तर पश्चिम बंगालबाहेर जाण्याची तयारी असेल तरच मदत मिळत असे. रायपूरजवळची माना छावणी ही त्यांची मधली थांबण्याची जागा.

दंडकारण्य हे नाव मराठी माणसाला रामायणातून माहीत आहे. आपली पंचवटीही त्याच अरण्यातली. वनवासाची भूमी पुनर्वसनासाठी निवडताना नावाचा अर्थ कोणाच्या ध्यानात आला होता की नाही, कोण जाणे. बंगाली शेतकऱ्यांच्या नक्कीच आला असणार.

कुटुंबाला साधारण साडेसहा एकर जमीन, झोपडी आणि बैलांसाठी कर्ज मिळे. गाळाच्या जमिनीत भात लावणाऱ्या आणि होडीतून बाजाराला जाणाऱ्या माणसाला उंचावरची, पाणी न धरणारी तांबडी माती देण्यात आली. पाटबंधाऱ्यांची कामे मागे राहिली. प्राधिकरणाचे अध्यक्षपद १९६३-६४ मध्ये सुमारे दहा महिने सांभाळणारे शैवालकुमार गुप्त यांनी पद सोडल्यावर जानेवारी १९६५ मध्ये 'इकॉनॉमिक वीकली'त तीन भागांची लेखमाला लिहून या योजनेची चिरफाड केली. जमिनीची पाहणी न करता माणसे पाठवली जात आहेत, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. आतल्या माणसाने इतक्या स्पष्टपणे लिहावे हे आपल्याकडे विरळाच.

ही जमीन रिकामी होती असेही नाही. गोंड, माडिया, कोया यांची ती जंगले होती. साफ केलेल्या जमिनीचा चौथा हिस्सा आदिवासींसाठी राखण्यात आला होता. स्वतःच्याच रानात चौथा हिस्सा मिळण्याला लाभ म्हणायचे की काय, हे वाचकांनी ठरवावे.

१९७७ मध्ये पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीचे सरकार आले. विरोधात असताना याच पक्षांनी दंडकारण्याच्या धोरणाला विरोध केला होता. म्हणून १९७८ मध्ये सव्वा-दीड लाख माणसे घरातले किडूकमिडूक विकून बंगालकडे निघाली. सत्तेवर आल्यावर भूमिका बदलली होती. बऱ्याच जणांना परत पाठवण्यात आले. सुमारे तीस हजार सुंदरबनातील मरिचझांपी बेटावर पोहोचले. तेथे त्यांनी सरकारी मदतीशिवाय वस्ती उभी केली. शाळा, दवाखाना, मासेमारी, बांध. खारे पाणी आणि चिखल यांची भीती त्यांना नव्हती, त्यांची हयातच त्यात गेलेली होती. बेट राखीव जंगलात येते, असे सरकारचे म्हणणे होते. २४ जानेवारी १९७९ पासून बेटाची नाकेबंदी झाली, ३१ जानेवारीला गोळीबार झाला, आणि १४ ते १६ मे दरम्यान झोपड्या जाळून वस्ती उठवण्यात आली. किती माणसे मेली यावर आजही एकमत नाही; सरकारी आकडा आणि वाचलेल्यांनी सांगितलेला आकडा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. जे उरले त्यांना गाड्यांत भरून पुन्हा दंडकारण्यात नेण्यात आले.

पंजाबच्या यशाशी याची सरळ तुलना करणे योग्य होणार नाही. तेथे मुसलमानांनी कसलेली जमीन होती; येथे जंगल. तेथे लोक एकदम आले, येथे तीस वर्षे येत राहिले. पण एवढे म्हणता येईल की पंजाबात गावाला साक्षीदार मानले गेले आणि बंगालमध्ये गावालाच अडचण मानले गेले. दंडकारण्यातही जे पाय रोवून राहिले त्यांनी आपल्याच ज्ञानावर निभावले. छत्तीसगडच्या कांकेर जिल्ह्यातील पाखांजूरचा परिसर आज मत्स्यपालनासाठी ओळखला जातो. जलाशय सरकारचे, पण त्यात मासे वाढवण्याची विद्या बंगालमधून आलेली.

पाखांजूरच्या पश्चिमेला महाराष्ट्राची हद्द लागते. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या गडचिरोलीत, चामोर्शी आणि मुलचेरा भागांतही अशी कुटुंबे वसवण्यात आली. त्यांची नातवंडे मराठी बोलतात, घरात बंगाली. त्यांच्यातल्या नमःशूद्र कुटुंबांची एक जुनी तक्रार आहे. अनुसूचित जातींच्या याद्या राज्यवार असतात. नमःशूद्र ही जात पश्चिम बंगालच्या यादीत आहे, ओडिशाच्याही आहे; महाराष्ट्राच्या यादीत नाही. एकाच छावणीतून, एकाच गाडीने निघालेल्या दोन भावांपैकी जो मलकानगिरीला उतरला त्याच्या मुलांना दाखला मिळतो. जो पुढे चांद्याला आला, त्याच्या मुलांना मिळत नाही.